ब्रेक, कमानी आणि पाठभेद

जुनी मोटार बाळगणारा गृहस्थ आल्यागेल्याला काय काय दाखवतो, हे एकदा निरखून पाहण्यासारखे आहे. आधी तो रंग दाखवतो; मग त्या रंगात उमटणारे पाहुण्याचेच तोंड. मग पुढच्या जाळीवरचे क्रोमियम, दिव्यांच्या कडा, दाराच्या मुठी. मग बॉनेट उघडले जाते, आणि आपल्याला त्यातले काही कळत नसले तरी आपण आत डोकावून "वा!" म्हणतो. शेवटी तो किल्ली फिरवतो, एक बोट वर करतो आणि तंबोरे जुळल्यावर मैफलीतली मंडळी डोळे मिटतात तसे मिटून म्हणतो, "ऐका!" पण आजवर एकाही गृहस्थाने मला गाडीखाली वाकवून "हे पाहा माझे ब्रेक" असे म्हटलेले नाही. रामायणात ऊर्मिलेची जी गत, तीच मोटारीत ब्रेकची आणि कमानींची. कथा चालते त्यांच्या मुकाट्याने सोसण्यावर. नाव मात्र इंजिनाचे होते.

मराठीच्या मास्तराला ही मोटारविद्या कुठून सुचली, असे या सदराच्या वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर आमचे अण्णा. अण्णा माझे आतेभाऊ, राहायला ठाण्याला. त्यांच्या दारात १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी नव्हे, आत्याच्या यजमानांनी, नंबर लावून आणि बरीच वर्षे वाट पाहून घेतली होती. त्या काळी मोटार ही विकत घेण्याची वस्तू नसून प्राप्त होण्याची वस्तू होती. त्यामुळे अण्णांच्या घरात तिला देवघराच्या खालोखाल मान. तिचा फिकट निळा रंग, स्टिअरिंगच्या दांड्याला लगटून असलेला गिअर, पुढचे एकसंध बाक, यांतले काहीही बदलायचे नाही, असा घरचा दंडक.

या दंडकाला यंदा त्यांच्या धाकटीने सुरुंग लावला. तिला नुकतेच लायसन्स मिळाले आहे. मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याला जायचे ते पद्मिनीनेच, असे तिने जाहीर केले. आणि लगोलग एक यादी वडिलांपुढे ठेवली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मास्टर सिलिंडर दुहेरी, शॉक ॲब्सॉर्बर नवे, कमानी नव्या. अण्णा म्हणाले, "एवढे बदलल्यावर गाडी ती राहील काय?" धाकटी म्हणाली, "बाबा, न बदलता मी राहीन काय?" वहिनींनी दोघांच्या भांडणात न पडता एवढेच सांगितले, की निकाल लागेपर्यंत त्या पुण्याला एस.टी.ने जातील. शेवटी पंच म्हणून मला बोलावण्यात आले. माझी पात्रता एवढीच, की मी जन्मभर जुन्या पोथ्या चाळल्या आहेत आणि मूळ कशाला म्हणावे या एकाच प्रश्नावर पोट भरले आहे.

तर मूळ कशाला म्हणावे? आधी या गाडीचे कुळ पाहू. इटलीच्या फियाट कंपनीने ११०० जातीची ही बैठी, चौकोनी, घरंदाज गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडली. तिचा मुख्य रचनाकार दान्ते जाकोसा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या आधीपासूनच जोडल्या जात होत्या. तिथे हीही आली. १९६४ साली ती 'डिलाइट' झाली, १९७३ साली 'प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी'. नावे बदलली, जाळ्या बदलल्या, पण पोटातली मांडणी बहुतेक तीच राहिली. १०८९ सी.सी.चे इंजिन, पुढे दोन दोन बाहूंमध्ये धरलेल्या मळसूत्री स्प्रिंगा, मागे सरळ आस आणि तिच्याखाली एकावर एक रचलेल्या पाट्यांच्या कमानी, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

आता योगायोग पाहा. ज्या १९५३ साली ही गाडी जिनिव्हात लोकांपुढे आली, त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीच्या गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि शर्यत जिंकून गेल्या. दुसऱ्यांच्या गाड्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून वेग कमी करीत, तेव्हा या गाड्यांचे चालक तसेच पुढे जात आणि अगदी वळणाशी येऊन ब्रेक लावीत. आणि हे चोवीस तास. दोन वर्षांनी, १९५५ साली, सिट्रोएनच्या डी.एस. गाडीने पुढच्या चाकांच्या डिस्क साध्या गिऱ्हाइकाच्या दारात आणून ठेवल्या. म्हणजे आमची पद्मिनी जन्मली तीच मुळी ब्रेकच्या एका युगाच्या मावळतीला. हिंदुस्थानात मात्र तो संधिप्रकाश पुढे चांगला चाळीस-पन्नास वर्षे रेंगाळला.

ड्रम ब्रेक वाईट असतो असे मात्र कोणी समजू नये. ती मोठी कल्पक वस्तू आहे. चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी पातेले, त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू, आणि पायाने पेडल दाबले की तेलाच्या दाबाने ते शू पातेल्याच्या आतल्या भिंतीला जाऊन टेकतात. त्यातली खुबी अशी, की योग्य बाजूने टेकणाऱ्या शूला फिरते पातेले स्वतःच आपल्याकडे ओढून घेते. दाराखाली पाचर घातली आणि दार तिच्यावर ढकलले की पाचर आपोआप आणखी घट्ट होते, तसे. म्हणून पायाला जोर कमी लागतो. आमच्या आत्याबाई नऊवारी नेसून ही गाडी थांबवीत असत, ती या पाचरीच्या पुण्याईने.

अडचण येते ती उष्णतेची. थांबणे म्हणजे काय, तर गाडीच्या अंगातली गती उष्णतेत बदलणे. दुसरा मार्ग नाही. अण्णांची गाडी रिकामी सुमारे नऊशे किलोची. चार माणसे, त्यांच्या पिशव्या आणि वहिनींचे फराळाचे डबे धरून बाराशे. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाणारी ही गाडी एकदा पूर्ण उभी केली, तर जी उष्णता निघते तिच्यावर नळाचे एक लिटर पाणी जवळजवळ उकळीला यावे. म्हणजे सहासात कप चहाचे आधण! वेग निम्मा, ताशी ४० असता, तर ही उष्णता निम्मी नव्हे, चौथाई झाली असती. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते आणि थांबायला लागणारे अंतरही चौपट. चांगल्या ब्रेकांना कोरड्या रस्त्यावर ताशी ४० वरून दहा मीटर पुरत असतील, तर ८० वरून चाळीस लागतील. आणि पाय पेडलवर पोचेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी बावीस मीटर निघून गेलेले असतात. बोर घाट उतरताना तर गाडी पाचशे मीटरांहून अधिक खाली येते. ते सगळे ओझे ब्रेकवरच टाकले, तर त्या चहाच्या आधणाची वीसएक भांडी एकामागून एक उकळली म्हणून समजा. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगत, की घाट ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. निम्मे ओझे इंजिनाला वाहू द्या.

पातेले तापले की ते फुगते, म्हणजे शूपासून लांब जाते. शूवरचे अस्तर, ज्याला गॅरेजात लायनर म्हणतात, तेही तापले की गुळगुळीत होऊन त्याची पकड सुटते. ही उष्णता बंद पातेल्याच्या आत कोंडलेली, तिला बाहेर जायला वाट नाही. मग पेडल खोल खोल जाऊ लागते आणि गाडी मात्र ऐकत नाही. याउलट डिस्क ही सायकलच्या रिमसारखी. उघड्यावर फिरणारी एक तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन गुटके. ती तापते, पण वाऱ्यावर निवते. फुगली तर गुटक्यांच्या दिशेनेच फुगते. पावसाचे पाणी फेकून देते. ड्रममध्ये एकदा पाणी शिरले, की पुढचे दोनचार ब्रेक देवावर हवाला.

असे असताना अण्णांचा हट्ट चुकीचा, असा निकाल मी पहिल्याच दिवशी देऊन मोकळा का झालो नाही? कारण त्यांच्या हट्टामागे नुसती भाबडी भक्ती नव्हती. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, तिला 'व्ही.ए.' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. १९७५ची पद्मिनी आता त्या वयाची झाली. अण्णांच्या डोळ्यांपुढे ती पाटी नाचत होती, आणि ब्रेक बदलले तर ती हातची जाईल या धास्तीत ते होते. मी तो नियम काढून वाचला. पोथी वाचायची सवय अशी कामाला येते. मोठे फेरफार म्हणून त्यात ज्यांची नावे घेतली आहेत ती तीन: चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन. ब्रेकचे नाव त्या यादीत नाही. पण त्याच नियमात पुढे असेही आहे, की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. मैत्रिणीचे लग्न त्यात कुठेच बसत नाही.

म्हणजे प्रश्न ब्रेकचा नव्हताच. ही गाडी दाखवायची आहे की चालवायची आहे, हा प्रश्न होता. मी तो अण्णांना विचारला. ते दोन दिवस बोलले नाहीत.

दरम्यान मी त्यांना आमच्या शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पुष्कळ पाठभेद शिरले होते. आता हे लक्षात घ्या, की नाथांच्या हाती आलेली प्रत 'जुनी' होती, पण 'मूळ' नव्हती. जुने आणि मूळ यांत फरक आहे. लेखणी घसरून झालेला तो अपपाठ. कोणी मागाहून आपल्या पदरचे घुसडलेला तो प्रक्षेप. पन्नास वर्षे झिजलेला किंगपिन हा 'ओरिजिनल' नव्हे. तो अपपाठ आहे. कारखान्याच्या नकाशात तो झिजलेला नव्हता. डिस्कचा वाद मागाहून घालू. आधी गाडीतले अपपाठ आणि प्रक्षेप किती, ते मोजू.

ते मोजायला आम्ही कुर्ल्याला एका उस्तादांकडे गेलो. हे गृहस्थ काळ्यापिवळ्या पद्मिनींच्या दुरुस्तीत म्हातारे झालेले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरातून ती जात संपली. त्यानंतर उस्तादांकडे येतात ते अण्णांसारखे भाविक. त्यांनी गाडीकडे पाहिले, रंगाकडे पाहिलेही नाही. पुढचा मडगार्ड दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. उस्ताद म्हणाले, "साहेब, ही गाडी अजून नमस्कार करते आहे."

या नमस्काराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याबाबत सुशिक्षितांतही गैरसमज आहे. खड्ड्याचा धक्का शॉक ॲब्सॉर्बर घेतो असे नावावरून वाटते. वस्तुतः तो घेते स्प्रिंग. पण स्प्रिंगचा स्वभाव झोपाळ्याचा. एकदा हलवली की हलतच राहते. तिला आवरणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. त्या भोकांतून तेल जाता जाता स्प्रिंगची उसळी जिरून जाते. हे यंत्र म्हातारे झाले की चाक खड्ड्यातून निघाल्यावर रस्त्यावर टेकायच्या ऐवजी क्षणभर हवेत राहते. आणि हवेतल्या चाकाला कसलाही ब्रेक लावा, डिस्क लावा की ब्रह्मास्त्र लावा, गाडी थांबत नाही. कारण गाडी शेवटी थांबवतो तो टायर, आणि तोही रस्त्याला टेकलेला असेल तरच. म्हणून ब्रेक सुधारायचे असतील तर सुरुवात कमानींपासून आणि टायरपासून करावी. ज्यांनी डिस्कला हजारो रुपये घातले आणि खाली दहा वर्षांचे टायर तसेच ठेवले, अशा शौकिनांची संख्या लहान नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. अण्णांच्या टायरांवरची नक्षी उत्तम होती, पण आकडे पाहिल्यावर धाकटीने हिशेब केला आणि ती आणि टायर जवळजवळ एकाच वेळी शाळेत गेले असते असे निघाले.

उस्तादांनी गाडी जॅकवर उचलली, पुढचे चाक वर-खाली धरून हलवले. खट्ट, खट्ट. किंगपिन गेलेला. या जुन्या मांडणीत पुढच्या सांध्यांना ग्रीसची तोंडे असतात. त्यांत वेळच्या वेळी ग्रीस भरावे लागते. आजच्या गाड्यांना ते लागत नाही, म्हणून आजची गॅरेजे ते विसरली. रबरी बुश वाळून सुपारीसारखे झालेले. आणि मागच्या कमानीत सापडला तो अस्सल प्रक्षेप: एक जास्तीचा पाटा. केव्हातरी, बहुधा सगळे कुटुंब देवदर्शनाला घालून नेण्याच्या काळात, मागून गाडी बसते म्हणून कोणा लोहाराने तो घातला होता. अण्णा ज्याला पद्मिनीची मूळची 'भक्कम' चाल म्हणून मिरवीत होते, ती या पाट्याची होती. बाहेर काढून ठेवल्यावर अण्णा त्या पाट्याकडे बराच वेळ पाहत उभे होते.

इथे नव्या पोरांसाठी एक इशारा. जुन्या गाडीला कडक स्प्रिंगा घालून ती खाली बसवायची, अशी एक टूम आहे. गुळगुळीत रस्त्यावर ती वळणात डुलत नाही हे खरे. पण आपल्याकडे दर दोन फर्लांगांवर गतिरोधक, आणि मधल्या जागेत खड्डे. शिवाय पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. कमानी जिथे टेकतात तिथला पत्रा पन्नास पावसाळ्यांत आतून खाल्लेला असतो. मऊ कमान जो धक्का गिळत होती, तो कडक कमान त्या पत्र्याच्या हवाली करते. माझे मत विचाराल तर कमानी मूळच्या ताकदीच्याच असाव्यात, आणि सुधारणा करायची ती शॉक ॲब्सॉर्बरमध्ये. आज मिळणारे वायूच्या दाबाचे शॉक ॲब्सॉर्बर बरे, कारण खडबडीत रस्त्यावर त्यांतल्या तेलाला फेस येत नाही. पण मापाचे मिळाले तरच. लांबीला कमी-जास्त असलेले ठोकून बसवू नयेत.

अपपाठ दुरुस्त झाले. नवे किंगपिन, नवे बुश, जास्तीचा पाटा बाहेर, चार एकसारखे टायर. गाडी चालवून पाहिल्यावर अण्णा म्हणाले, "ही तर बाबांच्या वेळेसारखी चालते!" ही त्यांच्या मताने सर्वात मोठी स्तुती. त्यानंतर ते आपण होऊन ब्रेकच्या विषयाला आले.

त्यातल्या एका बदलाबद्दल मी मुळीच तडजोड करणार नाही, असे सांगितले. जुन्या पद्धतीत चारही चाकांचे ब्रेक एकाच तेलवाहिनीवर. एक रबरी नळी फुटली की चारही चाके एकदम अनाथ. मग हातब्रेक आणि रामनाम. दुहेरी मास्टर सिलिंडरात पुढची आणि मागची वाहिनी वेगळी. एक गेली तरी दुसरी निम्मीअर्धी लाज राखते. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल दिसतही नाही. तेलाचेही तसेच. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि आमच्या कोकणपट्टीतल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ जातीचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; तेच ओलावा प्यालेले असले की ही हमी १४० अंशांवर येते. घाटात तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की नुसती दबते. दाब चाकापर्यंत पोचतच नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलणे आणि नळ्यांतली हवा काढणे हा कसलाही पाठभेद न करता होणारा सुधार आहे, खर्चही किरकोळ. तरी तो फार थोडे लोक करतात. आणखी एक: जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

राहिली डिस्क. तिच्याबाबत अण्णांचा शेवटचा आक्षेप असा, की हा परक्या ग्रंथातला उतारा होईल. त्यावर मी माझे सर्वात खात्रीचे प्रमाण पुढे केले. इटलीत १९६६ साली याच गाडीची ११०० आर. ही आवृत्ती निघाली, आणि तिला फियाटनेच पुढे डिस्क बसवल्या होत्या. म्हणजे हा प्रक्षेप नव्हे; ग्रंथकर्त्याने स्वतः केलेली सुधारून वाढवलेली आवृत्ती. ती आपल्यापर्यंत पोचली नाही एवढेच. १९८३ साली मारुती ८०० आली ती पुढे डिस्क घेऊनच. आणि तिच्यामागे रांगेत उभी असलेली पद्मिनी तेव्हाही ड्रमवरच होती. आज घोडबंदर रस्त्यावर अण्णांच्या पुढे जी गाडी अचानक थांबते, ती कुठल्या अंतरात थांबते ते अण्णांच्या ड्रमांना ठाऊक नसते, ही खरी भीती. द्रुतगती मार्गावर मैदानी भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. तिथे सगळ्यांच्या ओघात जायचे, तर सगळ्यांच्या अंतरात थांबताही आले पाहिजे.

पण डिस्क बसवणे म्हणजे दुसऱ्या गाडीची उचलून इथे डकवणे नव्हे. पुढे नुसत्या डिस्क लावल्या आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर नव्या चिमट्यांना लागणारे तेल तो पुरवू शकेलच असे नाही. मग पेडल तळाला जाते. ड्रमच्या वाहिनीत थोडा दाब कायम राहावा म्हणून जुन्या सिलिंडरात एक झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे गुटके सुटतच नाहीत, घासत राहतात. डिस्कला पाचरीची ती पुण्याई नाही, म्हणून पायाला जोर जास्त लागतो. त्यासाठी इंजिनाच्या ओढीवर चालणारा सर्व्हो बसवावा लागतो, आणि इंजिन बंद पडले की एकदोन दाबांनंतर त्याची मदत संपते हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते. पुढच्या आणि मागच्या ब्रेकांचा तोलही पाहावा लागतो. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. तीच आधी अडकली, तर गाडीचे शेपूट तिच्या तोंडाला गाठू पाहते. म्हणून मागे मूळचे ड्रम ठेवावेत, हेच शहाणपणाचे. सर्वात महत्त्वाचा तो चिमटा धरणारा ब्रॅकेट. बाराशे किलोची सगळी धडपड त्या एका तुकड्यातून आणि त्याच्या बोल्टांतून जाते. आम्ही पाहिलेल्या एका गॅरेजात तो पत्रा कापून वेल्ड करून देत होते, स्वस्तात. तिथून धाकटीने आम्हाला हाताला धरून बाहेर काढले. उस्तादांनी जाड पोलादाच्या पट्टीतून लेथवर आणि मिलिंगवर तो काढून घेतला, मूळच्या भोकांवर बसेल असा. चाकाच्या दांड्याला वेल्डिंगचा स्पर्शसुद्धा होऊ दिला नाही. त्यात सोय अशी, की उद्या कोणाला ड्रम परत लावायचे झाले तर तासाभराचे काम.

हे सगळे प्रत्येकाने करावे असे मी म्हणणार नाही. ज्यांची गाडी रविवारी सकाळी निघून दोन मैलांवर मिसळ खाऊन परत येते, त्यांना नीट बसवलेले, नीट घासलेले चार ड्रम पुष्कळ झाले. व्हिंटेजची पाटी ज्यांना हवी त्यांनी तर काहीही करण्यापूर्वी आर.टी.ओ.त विचारून घ्यावे. आर.सी.वर ब्रेकची जात लिहिलेली नसते हे खरे, पण कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या नोंदीतल्या तपशिलांना बाधणारे फेरफार मनाई केले आहेत, आणि विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवलेला असला म्हणजे पुढे वाद राहत नाही. अण्णांनी तसे पत्र पाठवले. मसुदा मी करून दिला. त्यात 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हा शब्दप्रयोग होता तो त्यांनी खोडला.

पाटीचा विचार अण्णांनी सोडला. ते म्हणाले, "बाबांनी गाडी घेतली ती आम्हाला फिरवायला. उभी करून ठेवायला घेतली असती तर एवढी वर्षे वाट कशाला पाहिली असती?" हे त्यांचे वाक्य नियमांच्या वाचनापेक्षा माझ्या जास्त लक्षात राहिले.

धाकटी आता रोज पहाटे जुन्या हमरस्त्यावर गाडी नेते. नव्या गुटक्यांची आणि तबकडीची सोयरीक जमेपर्यंत पहिले दोनतीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारायचे नाहीत, असे उस्तादांचे पथ्य आहे. एकसंध बाकाला पट्टे नव्हते; गाडी थांबली तरी आतली माणसे पुढे जातच राहतात, तेव्हा तेही बसवून घेतले, पण बॉडीच्या मजबूत जागी, पत्र्यात नव्हे. वहिनींनी घाटापर्यंतची एक फेरी केली आणि एस.टी.चा विचार सोडला की नाही ते अद्याप सांगितलेले नाही.

एका बाबतीत मात्र तंटा चालूच आहे. गाडी एवढ्या लवकर थांबू लागली, पण मागच्याला ते कळायचे कसे? पद्मिनीचे ब्रेकचे दिवे म्हणजे समईच्या वाती. धाकटीला मागच्या काचेत तिसरा, उंचावरचा लाल दिवा हवा आहे. अण्णांच्या मते मागच्या काचेत त्यांच्या आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता आणि तोच राहील. मी रुमालाच्या वर दिवा, अशी तडजोड सुचवली. भाऊबीजेला मंडळी आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा पुढची सुनावणी.